कानाचे मशीन विकणाऱ्याला कान किती कळतो?

दरवर्षी ३ मार्च रोजी जागतिक श्रवण दिन येतो आणि त्याच्या आगेमागे ठिकठिकाणी 'मोफत कान तपासणी'चे फलक झळकू लागतात. मंडपात किंवा दुकानात टेबलावर यंत्रे मांडलेली असतात. खुर्चीत बसलेल्या वृद्धाच्या कानात एक यंत्र घातले जाते. विक्रेता मागे जाऊन विचारतो, ''काका, ऐकू येतंय का?'' काका मान डोलावतात, सोबत आलेल्या मुलाला समाधान वाटते आणि पावती फाडली जाते. त्या कानात आधी कुणी डोकावून पाहिले काय, हा प्रश्न मात्र अशा वेळी सहसा विचारला जात नाही.

तो विचारला जायला हवा. चष्म्याचा नंबर काढल्याशिवाय भिंगे विकत घेणारा माणूस शहरात शोधून सापडणार नाही. परंतु लोकांच्या तोंडी ज्याला 'कानाचे मशीन' म्हणतात, ते श्रवणयंत्र रेडिओसारखे आवाज वाढवून पाहून खरेदी केले जाते. छत्रपती संभाजीनगरच्या बाबतीत ही गोष्ट अधिकच गंभीर आहे. एक तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांतील रुग्ण घाटी रुग्णालयाच्या आणि इथल्या खासगी डॉक्टरांच्या आशेने या शहरात येतात आणि परतताना यंत्रही इथूनच घेऊन जातात. दुसरे म्हणजे, कान निकामी करणारा गोंगाट निर्माण करणारे उद्योगही याच परिसरात आहेत.

आधी आकडे पाहू. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे ५० लाख ७१ हजार व्यक्तींची नोंद श्रवणदोष असलेल्या म्हणून झाली. केंद्र सरकारचा बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम मात्र जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाच्या आधारे हीच संख्या ६ कोटी ३० लाखांच्या घरात धरतो. हा फरक केवळ मोजणीतील चुकीचा नाही. शिरगणती करणाऱ्याला 'आमचे आजोबा बहिरे आहेत' असे सांगणारी घरे थोडी. 'जरा कमी ऐकू येते' असे म्हणून विषय मिटवणारी घरे अगणित. शिवाय २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या कंपनसंख्यांना ६० डेसिबल वा त्याहून अधिक ऱ्हास असेल, तरच एखादी व्यक्ती 'ऐकण्यास कठीण जाणारी' ठरते आणि ७० डेसिबलपासून पुढे कर्णबधिर. त्याखालची सारी माणसे सरकारी सवलतीच्या आणि शासकीय तपासणीच्या रांगेबाहेर राहतात. ती थेट दुकानाच्या दारात येतात. म्हणजेच श्रवणयंत्र विकणारा हा बहुसंख्य रुग्णांना भेटणारा पहिला, आणि पुष्कळदा एकमेव, 'तज्ज्ञ' असतो. त्याला कान किती कळतो यावर बरेच काही अवलंबून आहे.

या व्यवसायात उतरू पाहणाऱ्या तरुणाने यंत्रापूर्वी कान शिकला पाहिजे, तो का, हे कानाच्या रचनेवरूनच कळते. बाहेरून दिसणारी पाळी ही केवळ कमान. तिच्या आत सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीचा वळणदार बोगदा, त्याच्या टोकाला पडदा. पडद्यामागे हवेने भरलेली छोटीशी पोकळी आणि त्यात शाळेच्या पुस्तकातून आपण पाठ केलेली हातोडा, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडे. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची. शरीरातील सर्वांत लहान हाड. पडद्याचे क्षेत्रफळ मोठे आणि रिकिबीचा तळ त्याच्या मानाने फारच लहान असल्याने हवेतील दुबळी थरथर आतल्या द्रवाला हलवण्याइतकी जोरकस होते. पुढे गोगलगाईच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे. या शंखात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केशपेशी असतात. दाराजवळच्या पेशी तीव्र, बारीक आवाज टिपतात. शंखाच्या टोकाशी असलेल्या पेशी खर्जातले. आवाजाची लाट या शंखातून कशी धावते, याचा शोध लावणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेसी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या पेशी जन्मतः मिळतात तेवढ्याच. गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही.

यावरूनच दोषांची पहिली विभागणी होते. आवाज शंखापर्यंत पोचतच नसेल, म्हणजे मळ साचला, पडद्याला छिद्र पडले, मधल्या पोकळीत पाणी वा पू झाला किंवा रिकिबीभोवती हाड वाढून ती जखडली, तर तो वहनातील दोष. शंख किंवा मज्जातंतूच दुबळा झाला असेल तर तो चेतातंतूंचा दोष. दोन्ही एकत्र असतील तर मिश्र. पहिल्या प्रकारातील पुष्कळ रुग्ण औषधाने वा शस्त्रक्रियेने सुधारतात. दुसऱ्या प्रकारात मुख्यतः यंत्राचा उपयोग. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी कानावर हेडफोन लावून घेतलेली तपासणी पुरत नाही. कानामागच्या हाडावर कंपक ठेवून हाडातून ऐकू येणारा आवाजही मोजावा लागतो. हेडफोनमधून कमी आणि हाडातून चांगले ऐकू येत असेल तर अडथळा वाटेत आहे, हे उघड होते. ही दुसरी तपासणी न करता यंत्र देणे म्हणजे बंद पडलेल्या दाराची कडी न काढता बाहेरून मोठ्याने हाका मारत बसणे होय.

आता वाळूजकडे वळू. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तेथे सुरू झाला आणि त्याभोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांचे जाळे वाढत गेले. चिकलठाणा, शेंद्रा येथील वसाहती आणि जालन्याचे सळयांचे कारखाने मिळून हा पट्टा राज्याच्या औद्योगिक नकाशावर ठळक झाला. पत्रा ठोकणारे प्रेस, ग्राइंडर, हवेच्या दाबावर चालणारी हत्यारे यांच्या सान्निध्यात तीस-तीस वर्षे काम केलेली पहिली पिढी आता निवृत्त होत आहे. आठ तासांच्या पाळीसाठी ९० डेसिबल ही आपल्याकडील कारखान्यांची मर्यादा आहे. दर ३ डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते, हे लक्षात घेतले म्हणजे ९६ डेसिबलच्या खोलीत काम करणाऱ्याच्या कानावर चौपट मारा होतो हे ध्यानी येईल.

हा मारा कुठे बसतो, हेही कानाच्या रचनेनेच ठरवले आहे. अडीच सेंटिमीटरचा तो बोगदा एका टोकाला बंद असलेल्या बासरीसारखा वागतो आणि तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपसूक वाढवतो. परिणामी त्याच्या जरा वरच्या, चार हजार हर्ट्झच्या भागातील पेशी आधी मरतात. कामगाराच्या ऑडिओग्रामवर चार हजारांपाशी दिसणारा खड्डा ही या आजाराची ओळख मानली जाते. खर्ज मात्र शाबूत असतो. त्यामुळे ट्रकचा आवाज येतो, ढोल येतो, माणूस बोलतो आहे हेही समजते. नेमके काय बोलतो ते समजत नाही. मराठीतील 'स', 'श', 'फ' यांसारखे वर्ण याच बारीक आवाजाच्या प्रदेशातले. 'साठ' आणि 'आठ' यांतला भेद केवळ एका 'स'चा. तो ऐकू आला नाही की भाजीवाल्याशी वाद होतो आणि घरी 'मुद्दामच लक्ष देत नाहीत' असा ठपका बसतो.

अशा माणसाला मंडपातले सर्व आवाज सारखेच वाढवणारे स्वस्त मशीन दिले तर काय होईल? ज्या खर्जाची त्याला गरज नाही, तोच पंख्याचा, मिक्सरचा, रिक्षाचा आवाज कानठळ्या बसेपर्यंत वाढेल. 'स' पुन्हा हरवेलच. शिवाय दुबळ्या झालेल्या शंखाचा एक विचित्र धर्म आहे: हळू आवाज ऐकू येत नाही, आणि थोडा वाढवला की तो लगेच असह्य होतो. 'हळू बोललात तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललात तर ओरडता कशाला' ही आजोबांची तक्रार हट्टीपणाची नसते. त्या दोन टोकांमधली जागा किती अरुंद उरली आहे, हे मोजून यंत्र बसवणे हीच या व्यवसायातील खरी कारागिरी. त्याशिवाय दिलेले यंत्र महिन्याभरात कपाटात जाते. प्रस्तुत लेखकाच्या घरी असे एक मशीन आजही डब्यात पडून आहे. ते घेतल्यानंतर दोन महिन्यांनी डॉक्टरांनी कानातून मळाचा खडा काढला आणि वडिलांना निम्मे ऐकू येऊ लागले. ज्या दुकानातून ते घेतले तिथे कानात बॅटरीचा उजेडही पडला नव्हता.

मळ ही तशी किरकोळ बाब. विक्रेत्याने खरोखर घाबरावे अशा खुणा वेगळ्या आहेत. मराठवाड्याच्या खेड्यांत 'कान फुटला' हा शब्दप्रयोग आजही सर्रास ऐकू येतो आणि त्यावरचा उपाय म्हणून कोमट तेल घालण्याची चाल आहे. सतत वाहणाऱ्या कानात पडद्याला छिद्र असते, आणि काही रुग्णांत मधल्या पोकळीत कातडीचा गोळा वाढून तो भोवतालचे हाड खात जातो. चेहऱ्याचा पक्षाघात, मेंदूज्वर किंवा मेंदूत गळू होण्यापर्यंत त्याची मजल जाते. अशा कानावर घट्ट साचा बसवून यंत्र दिले तर वाहण्याची वाटच बंद होते. बहिरेपण थोडे कमी झाल्यासारखे वाटते आणि आजार आत वाढत राहतो.

दुसरी खूण म्हणजे एकाच कानाचे ऐकू येणे कमी होणे. वयाने आणि गोंगाटाने येणारा दोष साधारणतः दोन्ही कानांत सारखा उतरतो. एकाच बाजूला तो वाढत असेल, सोबत कानात आवाज होत असेल वा तोल जात असेल, तर श्रवणाच्या मज्जातंतूवर गाठ आहे काय हे पाहावे लागते. रात्री झोपेपर्यंत ठीक असलेला कान सकाळी उठल्यावर बंद, हीदेखील तातडीची अवस्था आहे. पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइडचे उपचार मिळाले तर श्रवण परत येण्याची आशा अधिक असते. 'दडे बसले असतील, चार दिवस वाट पाहू' असे म्हणणारे घरचे लोक आणि 'ट्रायल घेऊन पाहा' म्हणणारा दुकानदार हे दोघेही त्या वेळी रुग्णाचे दिवस खर्ची घालत असतात. क्षयरोगासाठी पूर्वी दिलेली स्ट्रेप्टोमायसिन, कानामायसिनसारखी इंजेक्शने, अतिदक्षता विभागात मिळालेले जेंटामायसिन वा अमिकासिन यांची चौकशीही विक्रेत्याने केली पाहिजे, कारण तीही केशपेशी मारतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७७ मध्येच अशा खुणांची यादी नियमात घातली होती. कान वाहणे, दुखणे, चक्कर, अचानक वा एकाच बाजूचा बहिरेपणा, हवेतून आणि हाडातून ऐकण्यात १५ डेसिबल वा अधिक अंतर यांपैकी काही आढळले तर आधी डॉक्टरांकडे पाठवायचे. पुढे त्या देशाने बाजार मोकळा केला. ऑक्टोबर २०२२ पासून तेथे प्रौढांना सौम्य व मध्यम दोषासाठी यंत्र चिठ्ठीशिवाय घेता येते, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अ‍ॅपलच्या एअरपॉड्समधील श्रवणयंत्राच्या सॉफ्टवेअरलाही परवानगी मिळाली. तरीही खोक्यावर त्या धोक्याच्या खुणा छापणे बंधनकारक राहिले. 'अमेरिकेतही आता कुणीही विकतो' असा युक्तिवाद आपल्याकडे हमखास होईल. तो करणाऱ्यांनी हा खोका उलटून वाचावा.

आपल्याकडे कायदा नाही असे मुळीच नाही. १९९२ चा भारतीय पुनर्वास परिषद कायदा ज्यांना पुनर्वसन व्यावसायिक म्हणतो, त्यांत श्रवणतज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ आहेतच. शिवाय 'श्रवणयंत्र व कर्णसाचा तंत्रज्ञ' हा वर्गही त्यात स्वतंत्रपणे लिहिलेला आहे. मान्य पात्रता आणि केंद्रीय पुनर्वसन नोंदवहीत नाव असल्याशिवाय कुणालाही देशात हा व्यवसाय करता येत नाही. उल्लंघनाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. मात्र न्यायालयाला दखल घ्यायची तर परिषदेने अधिकृत केलेल्या व्यक्तीची लेखी तक्रार लागते, आणि परिषद दिल्लीत. मराठवाड्यातल्या एखाद्या ग्राहकाची तक्रार त्या वाटेने किती पुढे जाईल, हे सांगण्यासाठी कुणा कायदेपंडिताची गरज नाही. दुसरीकडे १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आली. परिणाम असा की वस्तू औषध प्रशासनाच्या नजरेखाली, व्यक्ती पुनर्वास परिषदेच्या नजरेखाली, आणि जिथे ती व्यक्ती ती वस्तू रुग्णाच्या कानात घालते ते टेबल दोघांच्याही नजरेआड. एक हजार रुपयांचा दंड हा तर आज साध्या यंत्राच्या किमतीहूनही कमी आहे.

विक्रेत्यांची बाजूही ऐकायला हवी. शिकलेली माणसे मुळातच कमी आहेत. चार वर्षांची पदवी देणाऱ्या संस्था मुंबई-पुण्याकडे एकवटल्या आहेत: वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, नायर रुग्णालयाशी संलग्न वैद्यकीय महाविद्यालय, पुण्याचे भारती विद्यापीठ. (ज्यांच्या नावाने १९८३ मध्ये वांद्र्याची संस्था उभी राहिली ते अली यावर जंग हैदराबाद संस्थानातले, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल, एके काळी त्याच संस्थानात असलेल्या मराठवाड्याला या संस्थेचा वाटा आजवर किती मिळाला, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पदवी झालेली मुले महानगरांत किंवा परदेशात जातात. मधली जागा भरण्यासाठी बारावीनंतरचे एक वर्षाचे दोन पदविका अभ्यासक्रम पुनर्वास परिषदेने आखलेले आहेत: एक श्रवण, भाषा व वाचेचा, दुसरा श्रवणयंत्र दुरुस्ती आणि कर्णसाचा तंत्राचा. मराठवाड्यातील विज्ञान शाखेच्या मुलांना ही नावेदेखील ठाऊक नसतात. विभागातील विद्यापीठे, वैद्यकीय महाविद्यालये आणि उद्योग संघटना यांनी मिळून अशी पदविका इथेच चालवली, तर घाटीसारख्या रुग्णालयात रोज येणारे कान हेच तिचे सर्वोत्तम पाठ्यपुस्तक ठरेल.

उद्योगांचा उल्लेख सहज केलेला नाही. गोंगाटाने येणारा बहिरेपणा हा कारखाने कायदा, १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणे बंधनकारक असलेला आजार होता. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या अनुसूचीतही तो कायम आहे. नुकसानभरपाईच्या कायद्यातही त्याला स्थान मिळालेले आहे. परंतु दावा सिद्ध करायचा तर कामावर रुजू होतानाचा ऑडिओग्राम लागतो. तो घेणारे प्रशिक्षित हात नसतील, तर निवृत्तीच्या दिवशी सापडलेला चार हजार हर्ट्झचा खड्डा 'वयामुळे' या एका शब्दात बुजवला जातो.

लहान मुलांच्या बाबतीत तर दुकानाने हात लावूच नये. सहा महिन्यांचे मूल 'ऐकू येतंय का' याला उत्तर देत नाही. त्याची तपासणी कानातील प्रतिध्वनी आणि मेंदूच्या विद्युत्लहरी मोजणाऱ्या यंत्रांनीच होते. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार हा जगभर मानला गेलेला क्रम. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहेच. त्या वाटेने न जाता मुलाला थेट मशीन देणारा विक्रेता त्याच्या भाषेचे वय वाया घालवत असतो.

प्रौढ ग्राहकाला स्वतःपुरते काही करता येण्याजोगे आहे. दोन्ही कानांचा, हवेतून आणि हाडातून घेतलेला ऑडिओग्राम कागदावर मागावा. तो शांत खोलीत घेतला की रिक्षांच्या भोंग्यांत, हे स्वतःच पाहावे. एका कानाची तपासणी चालू असताना दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर सोडली होती का, हेही विचारावे. नाही तर चांगला कान उत्तर देतो आणि वाईट कानाच्या नावावर त्याची नोंद होते. साचा घेताना ओले मिश्रण कानात सोडण्याआधी धागा बांधलेला कापसाचा वा फोमचा बोळा आत ठेवतात. तो पडद्याचे रक्षण करतो. तो न ठेवल्यास आणि पडद्याला छिद्र असल्यास मिश्रण मधल्या कानात उतरून घट्ट होते व शस्त्रक्रियेने काढावे लागते. समोरच्या माणसाला हा बोळा ठाऊक आहे की नाही, एवढ्यावरूनही पुष्कळ कळते.

आणि नोंदणी क्रमांक विचारावा. पुनर्वास परिषद तो प्रत्येक नोंदणीकृत व्यावसायिकाला देते, त्याचे ठराविक काळाने नूतनीकरण करावे लागते आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळताही येतो. दुकानांच्या पाट्यांवर यंत्राच्या कंपनीचे नाव हातभर अक्षरांत असते. त्याखाली या एका क्रमांकापुरती जागा सहज निघू शकते.